शेवट न सांगणारा कॅप्टन

३ मार्च, सकाळी सात
आजपासून रोज लिहायचं. रद्दीवाल्याकडून ‘कॅप्टन’ या टोपणनावाच्या लेखकाच्या तेवीस हेरकथा आणल्या. पिवळी पडलेली पॉकेटबुकं, सगळ्यांवर एकाच जुन्या वाचनालयाचा शिक्का. जग या माणसाला साफ विसरलंय. मी त्याला वर काढणार.

७ मार्च
सहा वाचून झाली. एकालाही शेवट नाही. हेर पुलावर उभा, मागे पावलं वाजतात, पुस्तक संपलं. त्या काळात एवढा धाडसी प्रयोग! बायको म्हणाली, पान फाटलं असेल. सहाच्या सहा फाटतील का? तिला वाङ्मयातलं कळत नाही.

१२ मार्च
तेवीसही तशीच. ‘खुल्या शेवटाचा जनक’ हे पुस्तक लिहिणार. एका प्रकाशकांना भेटलो, ते म्हणाले, रविवारी हॉलवर भाषण द्या, ऐकतो, मग बघू. म्हणजे झालंच.

१३ मार्च
ऑफिसात राजीनामा दिला. आजच मोकळा. संशोधन आणि जावक रजिस्टर एकत्र जमत नाही. साहेबांनी ‘थांबा’ म्हटलं नाही. धक्का बसला असणार. बायकोला पुस्तक पक्कं झाल्यावर सांगेन.

१५ मार्च, दुपारी
ऑफिसच्या वेळात बागेत बसतो. डबा तिथेच. पुस्तक नाही झालं तर? असा विचार करायचा नाही असं ठरवलं. सकाळपासून चारदा ठरवलं.

१८ मार्च, रविवार
भाषण रंगलं होतं. मागून एक म्हातारे उठले. त्या वाचनालयाचे मालक. म्हणाले, लोक पुस्तकं परत करत नसत, म्हणून शेवटचं पान कापून मी काउंटरवर ठेवायचो. पुस्तक द्या, पान वाचा. पानं पत्र्याच्या पेटीत अजून आहेत, आणलीत.
प्रकाशकांनी एक मोठ्यानं वाचलं. हेर दचकून जागा झाला, सगळं स्वप्न होतं. दुसरंही तेच. तेवीसही तेच. हॉल हसून हसून लोळला. बायको पहिल्या रांगेत होती, ती हसली नाही.

१९ मार्च
राजीनामा मागे घ्यायला गेलो. माझ्या खुर्चीवर नवीन बाई. रजिस्टर तिनं चार दिवसांत पूर्ण केलंय, माझं दोन वर्षांचं तुंबलेलं.
घरी आलो. चेहरा नेहमीचा ठेवला, हेर ठेवतात तसा.
बायको म्हणाली, उद्यापासून डबा दोघांचा भरते, बागेतल्या त्या बाकावर जागा आहे.