पांढऱ्या साडीतला चेहरा

कासुर्डी, मे २००६
रविवार, संध्याकाळ

सुनंदाताईचा प्रश्न डोक्यातून जाईना. आज मामाच्या या पोरीचं लग्न. आपल्या बौद्ध रीतीनं पांढरी साडी, मागं पांढराच पडदा, आन् माझा नवा डिजिटल कॅमेरा ऑटोवर. पहिलाच फोटो हौसेनं तिला स्क्रीनवर दाखवला. साडी मळकी, राखाडी. चेहरा कोळशासारखा. ती हळूच म्हणाली, "एवढी काळी हाय व्हय रं मी?"

समोर सगळं पांढरं असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळंच अंधारं करतो. ऐन वेळी हे सुचलंच नाही मला! घाईघाईनं एक्स्पोजर वाढवून परत काढला. साडी पांढरीशुभ्र आली, तिचा सावळा चेहरा मोकळा झाला.

"गोरी केलीस का, स्टुडिओवाल्यावानी?"

"न्हाई ताई. तू हायेस तशीच."

मग कुठं हसली. पहिला फोटो मी तिथंच पुसला.

पण तिनं त्या काळ्या फोटोवर लगेच विश्वास का ठेवला? कॅमेरा चुकला असंल, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.