सम तारखांचा ताप

३ ऑक्टोबर

माझं पद रद्द होणार! वरून पत्र आलंय — या उंचीवर मलेरिया नाही, मग रक्त तपासायला माणूस कशाला? महिनाअखेरीस निर्णय. सतरा वर्षं तापाच्या रोग्यांच्या स्लाइडी बघतेय, एकदाही जंतू सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, "अहो, इथल्या थंडीत डासच जगत नाही, त्याला तुम्ही काय करणार!" एक तरी सापडायला हवा होता. असं लिहू नये. लिहिलं.

४ ऑक्टोबर

सासूबाईंनी डबी उघडून पुढ्यात धरली. आत मेलेला डास. "हा कोण, पाहुणा?" म्हटलं, चिलट असेल, आई. "माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत!"

तसं खरंय, दोन वर्षांत माझा स्वेटर पेटीबाहेर आलेला नाही. लोकरीच्या दुकानात आता पंखे मिळतात.

१६ ऑक्टोबर

सासूबाईंना ताप. हुडहुडी, तीन पांघरुणं. नेमका आज स्वयंपाक त्यांचा! भांडणं नकोत म्हणून ह्यांनीच वाटणी केलीय — सम तारखा आईच्या, विषम माझ्या. गोळी दिली. स्वयंपाक मीच केला.

१७ ऑक्टोबर

ठणठणीत! माझ्या भाजीला नावं ठेवण्याइतक्या.

१८ ऑक्टोबर

पुन्हा ताप. दुपारी बाराच्या ठोक्याला.

२० ऑक्टोबर

पुन्हा!! ह्यांना म्हटलं, तुमच्या आईच्या तापाला कॅलेंडर वाचता येतं. ह्यांनी पेपरात डोकं खुपसलं.

२१ ऑक्टोबर

डाव टाकला. "आई, आज तुम्ही करा, उद्या मी करते." केला, गुणगुणत केला. उद्या ताप येण्याचं कारणच नाही. चोर सापडणार!

२२ ऑक्टोबर

बारा वाजता ताप. दातावर दात आपटत होते. तशातही मला म्हणाल्या, "सूनबाई, आज तर माझी पाळी नाही ना गं? मग का येतोय?"

मी बोटांवर तारखा मोजल्या. एक दिवस आड. बरोबर अठ्ठेचाळीस तास. मलेरियाचा ताप! आमच्या परीक्षेत हा पहिला प्रश्न असतो! अख्ख्या गावाच्या तापाची स्लाइड घेते, आणि घरच्या तापाला गोळी आणि टोमणा. फार लाज वाटली.

त्यांच्या बोटाला सुई टोचली, धावत दवाखान्यात गेले, स्लाइड रंगवली. तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या — तेच जंतू. आयुष्यात पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिल्या. क्षणभर नोकरी वाचल्याचा आनंद झाला. मग रडू आलं.

२३ ऑक्टोबर

डॉक्टरांनी स्लाइड दोनदा पाहिली. "खाली सपाटीवर कुठे गेल्या होत्या का?" म्हटलं, गुडघ्यांमुळे चार वर्षं अंगणाबाहेर पाऊल नाही. डॉक्टरांनी उठून खिडकी लावून घेतली.

औषध सुरू. सासूबाई खूश — "म्हणजे मी ढोंगी नव्हते! त्यालाही सांग. पेपर खाली ठेवायला लावून सांग!" सांगितलं. दोघांनीही पाया पडून माफी मागितली.

२७ ऑक्टोबर

ताप गेला. सम तारखा पुन्हा सासूबाईंच्या! दवाखान्यात मात्र आज तापाच्या रोग्यांना बसायला बाक पुरला नाही.

३१ ऑक्टोबर

पद रद्द नाही. उलट आणखी दोन तपासनीस येताहेत. एकटीने उरकत नाही.