धाकटीने उघडलेला स्टिअरिंग बॉक्स

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीखाली लाल डाग. परवा नाण्याएवढा होता, आज बशीएवढा.

स्टिअरिंगही जड झालंय. डावीकडे वळताना बॉनेटखालून कुणीतरी कण्हतंय. गॅरेजवाल्याकडे नेली. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच निकाल दिला, "साहेब, पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स गळतोय. बदला." नवा मिळेल? "नाही. चोवीस वर्षांची गाडी. बनवायचाच बंद झाला." मग बदलू कशाने? तो बाहेर आला, हात पुसले, म्हणाला, "तेच तर."

ही गाडी घरात माझ्याशिवाय कुणाला नको आहे. चार दारं, सहा सिलिंडर, मोकळा रस्ता मिळाला की पाठ सीटला चिकटते. बायको म्हणते, तुमच्या वयाला शोभत नाही. मी म्हणतो, गाडीच्या वयाला शोभतं.

संध्याकाळी धाकटी वरच्या मजल्यावरून उतरली. गुडघे टेकले, डागात बोट बुडवलं, वास घेतला. "जळकं नाही. पंप ठीक आहे. बॉक्सचं खालचं रबरी सील गेलंय. मी करते."

माझी बहीण. एक्कावन्न वर्षांची आहे. अजून धाकटीच.

४ फेब्रुवारी, बुधवार

'मी करते' हे तिच्या तोंडून तीन महिन्यांनी ऐकलं, म्हणून लिहून ठेवतो.

नोव्हेंबरात कारखान्यात पत्र्याची धार तिच्या उजव्या तळहातात घुसली. नऊ टाके. तेव्हापासून घरी. बावीस वर्षं ती पंप जोडते — साधे नव्हेत, मोठ्या दाबाचे. त्यातून तेलाची बारीक धार सुटली तर माणसाची कातडी फोडून आत जाते. अठरा तारखेला कारखान्याचे डॉक्टर हात शेवटचा तपासणार. पास झाली तर आपल्या बेंचवर. नाही तर स्टोअरच्या खिडकीत बसून नट-बोल्ट वाटायचे.

"त्यापेक्षा घरी बसून तुझे लेख वाचेन," म्हणाली. हे कौतुक होतं की काय, विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षं दर रविवारी लेख छापून येतोय. घरच्यांना काही विचारायचं नसतं हे कळायला तेवढी पुरली.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज बॉक्स खाली उतरला. माझं काम — दिवा धरणे, आणि सांगितलं तर गप्प बसणे.

तीन जाड बोल्ट, तेलाच्या दोन नळ्या, वर स्टिअरिंगचा दांडा, खाली चाकांना ओढणारा लोखंडी हात. हा हात बॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टच्या दातांवर घट्ट बसलेला. गॅरेजवाला तमाशा बघायला आला होता. म्हणाला, "ताई, दोन हातोडे घाला, सुटतो." धाकटी म्हणाली, "तुमच्याआधी कुणीतरी घातलेत. खुणा दिसताहेत." मग तिने शाफ्टवर आणि त्या लोखंडी हातावर समोरासमोर एकेक ठिपका ठोकला, परत बसवताना एक दातही चुकू नये म्हणून. पुलर लावला, ओढून काढायचं हत्यार. आवळला. थांबली. पुन्हा पाव फेरा. थांबली. मी म्हटलं, थांबतेस कशाला? "त्याला विचार करू दे."

पाचव्या वेळी टक् असा आवाज झाला आणि हात आपणहून सुटला. गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी असं तोंड केलं जसं काही मला माहीतच होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

शेडमधल्या टेबलावर बॉक्स. वजन असेल बारा किलो. बाहेरचा मळ काढण्यातच तिने सकाळ घालवली — ब्रश, रॉकेल, चिंध्या, मग दात घासायचा ब्रश. "उघडायच्या आधी बाहेरचं साफ. नाही तर आत आपणच कचरा घालतो." आमच्या धंद्यात हे उलटं चालतं, मी म्हटलं. हसली.

सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. प्रत्येकाशेजारी पेनाने आकडा. वर्तमानपत्र आजचंच. माझ्या लेखावर लॉकची कडी, वॉशर आणि जुनं सील. बायको चहा घेऊन आली, वाकून पाहिलं. "वन्सं, एवढ्या वर्षांत यांच्या लेखातून काहीतरी ठोस निघालेलं आजच पाहतेय."

जुनं सील बांगडीसारखं कडक झालं होतं. दाबलं तर मोडलं. शाफ्टवर त्याने स्वतःची रेघ कोरून ठेवलेली. गॅरेजवाला म्हणाला होता, शाफ्ट झिजलाय, नवं सील घालून उपयोग नाही. धाकटीने ती रेघ बराच वेळ बघितली. "नवं सील दोन मिलिमीटर अलीकडे बसवते. याच्या ओठाला, आतल्या कडेला, कोरी जागा मिळेल. जुन्या रेघेत कशाला जायचं?"

किती साधं. मला जन्मात सुचलं नसतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सील आलं, सोबत एक जादा. बसवण्याआधी तिने शाफ्टच्या कडेवरून उजव्या हाताचं पहिलं बोट सावकाश फिरवलं — कुठे धातूची बारीक चोच वर आली असेल तर सीलचा ओठ कापला जातो. "साफ," म्हणाली. दातांवर टेप गुंडाळली, सील सरकवलं, सगळीकडून सारखं ठोकत खाली नेलं. दुपारी बॉक्स गाडीत. ठिपक्यासमोर ठिपका.

गॅरेजवाला आलाच. "वरचा स्क्रू थोडा आवळा, स्टिअरिंगचा खेळ जाईल, ढिलं राहणार नाही." ती म्हणाली, "खेळ जाईल, मग मध्यावर चावेल, आणि वळवलेलं चाक आपणहून सरळ यायचं नाही. हात लावायचा नाही." तो मान डोलावून गेला. उद्या हेच दुसऱ्या कुणाला स्वतःचं म्हणून सांगेल.

तेल भरलं. खाली पांढरा पुठ्ठा टाकून ठेवलाय.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुठ्ठ्यावर लाल ठिपका.

धाकटीने बॉक्स पुन्हा उतरवला, सील काढलं, भिंगाखाली धरलं. ओठावर केसाएवढी चीर. मग भिंग शाफ्टच्या कडेवर नेलं. होती. अगदी बारीक चोच. जुन्या हातोड्यांची.

"मी इथून बोट फिरवलं होतं," म्हणाली. मी म्हटलं, एवढं बारीक कुणाला लागणार? "मला लागतं."

स्टुलावर बसली. म्हणाली, "दादा, टाचणी आहे?" कागदांना लावलेली काढून दिली. घेतली नाही. उजवा हात माझ्यासमोर धरला, तोंड भिंतीकडे केलं. "बोटाला टोच. कुठल्या, ते सांगू नकोस."

अंगठ्याला टोचली. "अंगठा." मधल्याला. "मधलं." पहिल्या बोटाच्या टोकाला टोचली. गप्प. जरा जोरात टोचली. रक्ताचा थेंब आला.

"टोच ना," म्हणाली.

मी म्हटलं, टोचली.

वळली, बोटाकडे बघितलं, चिंधीने पुसलं. "हं. नोव्हेंबरपासून असंच आहे." आणि चहा विचारायला वर गेली.

बावीस वर्षं ती या बोटाने पंपांच्या कडा तपासते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सातला शेडमध्ये उजेड. गेलो तर टेबलावर पट्टीचा कापूस. कानशीने कड घासून झाली होती, आणि आता ती कापसाचा बोळा शाफ्टवरून हलकेच ओढत होती. एका जागी एक तंतू अडकला. इतका बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसेना. पुन्हा घासलं. पुन्हा कापूस. आणखी एक तंतू. पुन्हा. सहाव्या की सातव्या वेळी कापूस जसा गेला तसा आला, शुभ्र.

हे कुठे शिकलीस? "कुठे नाही. रात्रभर विचार केला की बोटाऐवजी काय." तिच्या जागी मी असतो तर बोटाबद्दल सहानुभूती गोळा करत हिंडलो असतो. तिने बोटाला पर्याय शोधला. आणि तो मिळाल्यावर आनंदही केला नाही, सरळ टेप गुंडाळायला घेतली.

अकराला जादाचं सील बसलं, बॉक्स गाडीत, खाली नवा पुठ्ठा. माझा लेख चारला जातो. दुसरं काही डोक्यात नव्हतंच. एका बैठकीत लिहून झाला — बोट, टाचणी, कापूस. नाव नाही, कारखाना नाही; 'माझी फिटर बहीण' एवढंच. गळती थांबली असं लिहिलं नाही, कारण पुठ्ठा अजून बघायचा होता. चारला पाच कमी असताना पाठवला. बऱ्याच दिवसांत इतकं बरं लिहिलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुठ्ठा कोरडा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पुठ्ठा कोरडा. सकाळी चाचणी. चालवायला तीच बसली. मी शेजारी, बायको मागे, "मी फक्त भाजी घ्यायला येतेय" असं सांगून.

गावाबाहेरच्या वळणांवर तिने गाडी जी सोडली! चाक एका हाताने वळवायची आणि वळण संपताना हात नुसता सैल करायची. चाक तिच्या तळव्याखालून सरसरत आपणहून सरळ येई. कण्हणं गेलं, जडपणा गेला. मागून बायको म्हणाली, "वन्सं, भाजी मागे राहिली," पण आवाजात तक्रार नव्हती. परतताना मला म्हणाली, "आहे हो गाडी चांगली." हे वाक्य मिळवायला मी गाडी घेतल्यापासून नऊ वर्षं झटतोय. धाकटीने वीस मिनिटांत मिळवलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेख आला. एक शब्दही कापलेला नाही. गॅरेजवाल्याचा फोन — "साहेब, ते हातोडेवाले आम्ही नव्हे हं."

१६ फेब्रुवारी, सोमवार

बायकोने दुपारी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्ही वन्संना विचारून लिहिलंत?"

नाही विचारलं. घरच्यांवर लिहिताना कधीच विचारत नाही.

"डॉक्टरांना त्यांनी जानेवारीतच सांगितलंय, बोट ठणठणीत आहे म्हणून. खरं काय ते मला माहीत होतं. तुम्हाला वाटलं, नाव घातलं नाही की झालं? त्या कारखान्यात फिटर बाया किती आहेत?"

एक.

धाकटीच्या बेंचवरच्या दोघांचे फोनही येऊन गेलेत. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लेख कुणीतरी लावलाय. कौतुकाने.

वर गेलो. ती भांडी पुसत होती. "वाचलं," म्हणाली. "चांगलं झालंय. एका ठिकाणी गिअरबॉक्स लिहिलंयस. स्टिअरिंग बॉक्स पाहिजे." मी तोंड उघडलं. "परवा नऊला पोचायचंय मला. गाडी नेऊ?" ने म्हटलं. खाली आलो.

बुधवारी ती 'कुणाला सांगू नकोस' म्हणाली नव्हती. हे मी स्वतःची बाजू म्हणून लिहितोय, आणि ही बाजू लंगडी आहे. बहीण भावाला बोट दाखवते तेव्हा ते पेपरात दाखवत नसते. दर गुरुवारी चारला काहीतरी लागतं, म्हणून समोर येईल ते उचलायची सवय लागली. या वेळी तिची बावीस वर्षं उचलली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काही सुचत नाही. गाडी धुतली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

नऊला गेली, तीनला आली. गाडी लावली, किल्ली खुंटीवर अडकवली, पाणी प्यायली आणि मग उभ्याउभ्याच सांगितलं.

डॉक्टरांच्या टेबलावर कात्रण होतं. "हे तुमच्यावर आहे का?" ती म्हणाली, "हो." "जानेवारीत वेगळं सांगितलं होतंत." "हो." मग टाचणी नव्हे, काचेची कांडी. डोळे मिटायला लावून. पहिल्या बोटाला काही नाही.

मोठ्या दाबाच्या पंपांवरून नाव काढलं. स्टोअरमध्ये मात्र नाही — तिच्या प्रमुखाने डॉक्टरांसमोर सांगितलं, हिला खिडकीत बसवायचं तर मीही बसतो. सोमवारपासून लहान पंपांच्या बेंचवर. तिने जोडलेला प्रत्येक पंप दुसरं कुणीतरी तपासून पुढे सोडणार. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

"दुसऱ्याने तपासायचं. मला," म्हणाली, आणि वर गेली. आवाज सरळ होता. बायको पाठोपाठ गेली. मला जिन्याच्या पाचव्या पायरीपलीकडे जाता आलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शेडमध्ये ती हत्यारं पुसून जागच्या जागी लावत होती. मी माफी मागितली. जेवढी नीट मागता येते तेवढी.

"कशाची?" म्हणाली. पाना पुसत राहिली. "नोव्हेंबरपासून रोज ठरवत होते, आज डॉक्टरांना सांगायचं. माझ्या हातून सुटलेल्या पंपाने उद्या कुणाचा जीव गेला असता. पण तोंडातून शब्द निघेना."

मग मला बुधवारी कसं दाखवलंस?

"तुझा लेख गुरुवारी जातो ना."