जुळ्या केळाचा दात

२ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मी बोलायचं, शेजारच्या दिपालीनं लिहायचं. मला अक्षर येत नाही, म्हणजे ही वही कुणी वाचणार नाही. मी तर नाहीच. दिपाली माझं ‘न्हाई’ खोडून ‘नाही’ करते. कॉलेजची पोरगी, असो.

मुलगा अभिमन्यू आणि सून सुरेखा ऊसतोडीला गेले. नात तेजू, चार वर्षांची, माझ्याजवळ. तिचे खालचे पुढचे दोन दात चिकटून एकच रुंद दात झालाय, मधे खाच. पाटोद्याची डॉक्टरीण म्हणे, जन्माआधीच हिरडीत जुळलेत, दोष कुणाचा नाही. खाचेत अन्न अडकतं, रोज ब्रशनं घासा, नाहीतर किडेल.

दोष कुणाचा नाही कसा? सुरेखानं पोटुशी असताना जुळं केळ खाल्लं. त्यानं जुळं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पोरींऐवजी दात जुळले, एवढंच.

जाताना मला बजावून गेली: आत्याबाई, दात दुखला तर पोरगी फडावर घेऊन जाईन. सासूला धमकी! ठरलं. रोज सकाळी ब्रश.

२० नोव्हेंबर
ब्रश आज काढणार होते. अमावस्या निघाली. नवी वस्तू काढत नाहीत. राखुंडीनं भागतंय. आमची पिढी राखुंडीवरच जगली. माझा एक दात अजून शाबूत आहे.

९ डिसेंबर
तेजू आईसाठी रडते. गुळाचा खडा दिला की गप्प. डॉक्टरीण साखर नको म्हणाली होती, गुळाचं नाव काढलं नव्हतं. खाचेत काळं दिसतंय. गुळाचाच रंग असणार.

१४ जानेवारी
आज ब्रश नक्की होता. त्रिंबक गुरवानं पंचांग सांगितलं: संक्रांतीला दात घासू नये, कठोर बोलू नये. शास्त्रापुढं माझं काय चालणार?

सुरेखाचा फोन. दात घासता का? सणाचा दिवस, गोड बोलले: घासते की. मग केळाचं काढलं. तर म्हणते, ते केळ डोहाळजेवणात तुमीच माझ्या ओटीत घातलंतं. वर म्हनलात, लई गोड हाय, खा.

संक्रांतीला असं कठोर बोलतात? घातलं असेल मी. खाल्लं कुणी?

२४ जानेवारी
तेजूचा गाल सुजला. लवंग ठेवलीय, उतरेल. सुरेखाला कळवायची गरज नाही. दिपाली हे लिहायला तयार नव्हती. लिही म्हटलं.

२७ जानेवारी
कुणीतरी कळवलं. दिपाली खाली मान घालून लिहितेय.

सुरेखा आली, पोरीला पाटोद्याला नेलं. कीड खाचेतून मुळापर्यंत गेली, पू झाला. औषध दिलंय, दात काढावा लागेल. खाली नवे दोन येतील की एकच, ते फोटो काढल्यावर कळेल म्हणे.

गोडानं दात किडला म्हणून पोरगी उसाच्या फडात नेली. अक्कल बघा! जीपमध्ये बसताना तेजूच्या हातात गुळाचा खडा दिला. तिनं तो आईच्या हातावर ठेवला.

सुरेखा ब्रश इथंच विसरली. कसली ही आई! पाकीट अजून फोडलेलंसुद्धा न्हाई.

दिपाली, एवढं ‘न्हाई’ खोडू नको.