ओवीतली गाय

मंगळवार, दिवेलागण. बोळिंज.

नात सई लिहून घेतेय. तिला सांगितलंय, मी बोलेन तसं लिही, तुझं शहाणपण घालू नकोस.

माझ्या लेकाच्या, दिलीपच्या मंडळाने शुद्ध रक्ताच्या माणसांच्या गाण्यांचं पुस्तक काढलंय. त्यात माझी ओवी. सईने वाचून दाखवली. 'दूध गाईमातेचं ग, माझ्या तान्ह्या लेकराला.' खाली माझं नाव.

गाय कुठली? वटार गावात आमच्या दारात एक शेळी होती, तीही मारकी. बाळंतपणात मी तापाने फणफणले, तेव्हा शेजारच्या रोजाबायने दिलीपला महिनाभर अंगावर पाजलं, येशूच्या तसबिरीखाली बसून. मी ओवी बांधली ती तिच्यावर. 'दूध रोजाबायचं ग.'

दिलीपला म्हटलं, "तुझं शुद्ध रक्त तिच्याच दुधावर वाढलंय रे, बाबा."

"आई, एक शब्द तर बदललाय. रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर छापलीय तशीच म्हण."

साठीला आलाय, पण चोरून साखर खाल्लेल्या पोरासारखा जमिनीकडे बघत होता. मी मनात ठरवलं, म्हणेन ती रोजाबायचीच.

रोजाबाय आता नाही. मला वाचता येत नाही, मग छापलेलं माझं काय बिघडवणार, असं वाटायचं. आज दिवा लावताना ओवी गुणगुणले, तर तोंडात गायच आली. पुन्हा म्हटली. पुन्हा गाय.

सई, रोजाबाय लिही. मोठ्या अक्षरात. आणि रविवारपर्यंत रोज सकाळी मला वाचून दाखव.