भोक पाडलेली बादली

मी आर्डिथ कोलबर्न, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार टॅनर हिल, व्हरमाँट, हे मृत्युपत्र राजीखुशीने माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कान गेलेत, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत. शहरातल्या संग्रहालयाला सारे देऊन टाकणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. कारण कलम चारमध्ये आहे, तोवर दम धरावा.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक भाचा ड्वाइट याला. त्याची आई आणि मी बोलत नसतानाही त्याने दर हिवाळ्यात माझ्या छपरावरचे बर्फ काढले आणि इकडचे तिकडे कधी केले नाही. असा माणूस लाखात एक.

२. लांब दांड्याची पळी लुसियन थिबो यांना. मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करणाऱ्या आमच्या गुऱ्हाळाचे ते गुळवे. "बाई, घड्याळ काय बघताय? पळी बघा. पाक पदरासारखा उतरला की झाला," हे त्यांनी शिकवले नसते तर या जुन्या धंद्यावरचे माझे सारे संशोधन करपले असते. त्यांचे उपकार फिटण्यातले नाहीत.

३. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्याच्या ध्वनिफिती गावच्या वाचनालयाला. त्यांतले खोकले आणि शिव्या कापू नयेत, तोही इतिहासच. इथल्या मूळ रहिवासी अबेनाकी जमातीतल्या आजींच्या मूळ फिती मात्र त्यांच्या घरच्यांना द्याव्यात. आमच्या पूर्वजांना या झाडांची ओळख त्यांच्याच लोकांनी करून दिली. "मार्चात रस उतरतो, आम्हाला मरायला फुरसत नसते, तरी विचारा," म्हणत चुलाणापुढे माझ्याशी बोलत बसलेल्या प्रत्येकाची मी ऋणी आहे.

४. गुऱ्हाळ, काहील, रसासाठी झाडांना ठोकायच्या तोट्या व सारा संग्रह ड्वाइटची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण व्हर्ना, हिला.

पणजोबांच्या रस धरायच्या दोन लाकडी बादल्या आम्हा बहिणींना एकेक आल्या. व्हर्नाने तिच्या बादलीच्या बुडाला भोक पाडून जिरेनियम लावले. मी भडकले. "शंभर वर्षांचा इतिहास फुलझाडाला घातलास!"

"ताई, तुझी तू कपाटात पूज. माझी दारात राहू दे."

त्यावर नऊ वर्षे अबोला.

गेल्या जुलैत मी काचेचे कपाट उघडले. माझ्या बादलीच्या फळ्या सुकून आकसल्या होत्या, लोखंडी पट्टे गळून पडले होते. आत सरपण तेवढे उरले होते. लुसियन म्हणाले, "लाकडाला पाणी पाजावं लागतं बाई. तुमच्याच फितींवर चार जणांनी सांगितलंय." त्या संध्याकाळी व्हर्नाच्या दारावरून गेले. तिची बादली घट्ट उभी होती, एक फळी हललेली नव्हती. नऊ उन्हाळे तिने रोज पाणी घातले होते.

म्हणून अट एकच. यातले काहीही काचेत ठेवू नये. दर मार्चात काहील चढवावी, बादल्या झाडांना टांगाव्यात. व्हर्नाच्या बादलीचे भोक मेपलच्या खुंटीने बुजवावे आणि ती गुऱ्हाळापुढच्या थोरल्या झाडाला लावावी. जिरेनियमसाठी नवी कुंडी माझ्या खर्चाने.

हे तिने मी गेल्यावर वाचावे, हे मला पटत नाही. रस यायला आठवडाही उरलेला नाही. सही होताच एक प्रत आणि खुंटी घेऊन मी स्वतः तिच्याकडे जाणार आहे.

सही: आर्डिथ कोलबर्न
टॅनर हिल, २६ फेब्रुवारी १९९८

साक्षीदार:
१. हेस्टर लॅडू, ग्रंथपाल
२. ऑरिन टटल, पोस्टमास्तर. शाई वाळण्याआधीच बाई बूट चढवू लागल्या, याचीही साक्ष देतो.