पाठ एकच

४ जून
झोंबा शहरातल्या या बाळघरात आज रुजू झाले. डोंगरावरून हिवाळ्याचं धुकं उतरलं होतं, तरी बस वेळेवर आली. इथल्या मुख्य माई काचाले यांनी मला पाहताच न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुक्या मासळीचं ताट पुढे सरकवलं. आवाज फौजदाराचा, हात मात्र मऊ. आधी जेव, झियोने, म्हणाल्या, उपाशी बाई मला कामाला नको. पाळण्यांतली अनाथ बाळं इतकी शहाणी, की एकाचंही रडणं नाही. मी माईंकडे त्यांचं कौतुकही केलं.

७ जून
शहाणपण कसलं! रडून कुणी येत नाही, हे ही बाळं फार लवकर शिकलीत. बायका कमी, बाळं जास्त. बाटली तोंडात द्यायची आणि पुढच्या पाळण्याकडे पळायचं. कोपऱ्यातला लिंबानी आठ महिन्यांचा, पण धड बसत नाही, माणसाकडे बघत नाही, छताकडे बघतो. माई म्हणाल्या, दूध पोटात जातंय, पण पोराला माणूसच मिळालं नाही. असं चाललं तर हा येता पावसाळा बघायचा नाही. तूच घे पाठीवर, तुझी पाठ रिकामीच आहे की.
त्यांना माहीत नाही. माझी लेक तादाला मार्चमध्ये तापाने गेली. माझं दूध अजून आटलेलं नाही.

८ जून
लिंबानीला चितेंजेने पाठीशी बांधलं. आमच्याकडे मूल मोठं होतं ते याच कापडात, आईच्या पाठीवर. त्याला घेऊनच लादी पुसली, भांडी घासली, गाणी म्हटली. संध्याकाळी त्याने गाल माझ्या पाठीला टेकवला. मी न्हाणीत जाऊन पोटभर रडले.

१५ जून
लिंबानी हसला. खाली ठेवलं तर भोकाड पसरलं. सगळ्याजणी धावत आल्या. माई म्हणाल्या, "रड बाबा, घसा मोकळा कर. ऐकणारी आलीय आता तुझी."
मग त्यांची नजर कापडावर गेली. हिरवं, पिवळ्या माशांचं. जुनं आहे का, विचारलं. मी नवं म्हणून सांगितलं.
खोटं. ते तादालाचं आहे. मूल गेलं की त्याचं चितेंजे त्याच्यासोबत पुरायचं, ही आमच्या गावची रीत. मला नाही जमलं. तिचा वास होता त्यात. सासूबाईंच्या हाती दुसरंच कापड दिलं.

१९ जून
लिंबानीला पाळण्यात ठेवलं तरी पाठ जड. कंबर भरून आली असेल.

२१ जून
धुणं वाळत घालताना पाठ ओली झाली. कोमट. लिंबानी तेव्हा माईंच्या मांडीवर होता.

२२ जून
लिंबानी पुन्हा गप्प. पाठीवर घेतलं की अंग आक्रसून घेतो, तिथे आधीच कुणी असल्यासारखा. बाटली थुंकतो. त्याच्या दंडावर ओरखडे, बारीक नखांचे.
तादालाची नखं कापायची राहिली होती.

२४ जून
माईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. वेडे, लेकराला जाऊ तरी दिलंस का, म्हणाल्या. तिला वाटतंय, आई बोलावतेय. कापड तिच्या शेजारी पूर. मग कितीही रडली तरी ओ देऊ नकोस. एकदा जरी उचललंस, तर तुझ्या पाठीवर जिवंत मूल टिकायचं नाही.

२६ जून, दुपार
पुरलं. माई सोबत होत्या. माती लोटताना — नाही लिहवत.
लिंबानी नव्या कापडात, पाठीवर. बाटली संपवली त्याने.

संध्याकाळ
फाटकापाशी रडणं. माई म्हणतात मांजर असेल. म्हणतात, आणि कडी लावतात. भुकेचं रडणं आहे, आईला कळतं. मला पान्हा फुटलाय, झगा भिजला. लिंबानीसाठी कधी फुटला नव्हता —

व्हरांड्यात आलं —

लिंबानीने माझे केस मुठीत धरलेत. घट्ट. माई दाराला पाठ लावून उभ्या, नको, झियोने, नको पोरी —

बाहेर थंडी आहे. ती एवढीशी — मी तिला कधीच रडत ठेवलं नाही —

लिंबानीची मूठ सुटत नाही. एकेक बोट — क्षणभरच, बाळा, पाळण्यात — आले गं, आले, मी आ—